अकिताच्या डोंगरात चार दिवस: ताझावा तळं, न्यूतोची सात ओन्सेन आणि तामागावाचं जहाल पाणी

प्रश्न थोडक्यात असा: ऑक्टोबरात टोकियोहून पुढे चार दिवस मोकळे आहेत. शहरं नकोत, डोंगर, झाडी, तळी आणि गरम पाण्याचे झरे हवेत. सोबत साठी ओलांडलेले आईवडील आहेत आणि दोघंही शाकाहारी आहेत. जायचं कुठे, आणि सगळे कपडे काढून करायच्या त्या आंघोळीचं काय?

जायचं होन्शू बेटाच्या उत्तरेला, अकिता प्रांतातल्या सेनबोकु या भागात. जपानमधलं सगळ्यात खोल तळं, देशातलं सगळ्यात आम्लधर्मी गरम पाणी, सात वेगवेगळ्या ओन्सेनांचं (ओन्सेन म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यावरचं स्नानगृह, बहुधा मुक्कामाच्या सोयीसह) न्यूतो आणि चढायला सोपा असा जिवंत ज्वालामुखी हे सगळं इथे बसच्या तास-सव्वा तासाच्या अंतरात मिळतं. टोकियोजवळच्या हाकोनेची गर्दी इथे नाही. पण गाडीने धावतपळत ‘पॉइंट’ बघायला हा भाग योग्य नाही. मुक्काम डोंगरात करा, स्टेशनजवळ नको. दिवसाच्या पाहुण्यांना बहुतेक ओन्सेन सकाळी दहा ते दुपारी तीनच्या आसपास घेतात. तीननंतर आणि पहाटे ते पाणी फक्त मुक्कामाच्या लोकांचं असतं, आणि लोक इतक्या लांबून येतात ते त्या वेळांसाठीच.

आधी पोहोचायचं कसं ते. टोकियोहून अकिता शिंकान्सेनची (बुलेट ट्रेनची) ‘कोमाची’ गाडी पकडा, ताझावाको स्टेशनला उतरा. प्रवास साधारण पावणेतीन ते तीन तासांचा, भाडं एका बाजूचं अंदाजे सोळा-सतरा हजार येन. कोमाचीत अनारक्षित डबे नसतात, त्यामुळे रेल्वे पास असला तरी सीट आधी राखून घ्यावी लागते. इथे नवखे लोक हमखास फसतात, म्हणून डब्यांची गोष्ट नीट समजून घ्या. टोकियोहून कोमाची आणि ‘हायाबुसा’ या दोन गाड्या एकमेकींना जोडून निघतात आणि मोरिओकाला सुटतात. हायाबुसा पुढे आओमोरीकडे जाते, कोमाची डावीकडे डोंगरात शिरते. लाल रंगाचे, ११ ते १७ क्रमांकाचे डबे कोमाचीचे. हिरव्या डब्यात चढून ‘आत गेल्यावर बघू’ म्हणालात तर चालत्या गाडीत पलीकडे जाता येत नाही, कारण दोन्ही गाड्यांना मधून वाट नाही. मोरिओकानंतर रूळ साधे आणि एकेरी आहेत, वेग कमी होतो. दरीतून जाणारा हा टप्पा बघण्यासारखा आहे, तेव्हा झोप मोरिओकाआधी उरकून घ्या.

स्टेशनच्या बाहेरच बसस्थानक आहे. चढताना यंत्रातून क्रमांकाची चिठ्ठी घ्यायची, पुढच्या फलकावर त्या क्रमांकाखाली भाडं दिसतं आणि उतरताना चिठ्ठीसकट पैसे पेटीत टाकायचे. पेटीजवळचं यंत्र हजार येनच्या नोटेची मोड देतं. पाच-दहा हजारांची नोट घेऊन चढू नका. बसेस दिवसातून मोजक्याच असतात. म्हणून आधी बसचं वेळापत्रक बघायचं आणि मग ट्रेनची सीट घ्यायची, उलट क्रमाने नाही.

गाडी भाड्याने घेणार असाल तर आपल्या आरटीओने दिलेला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना जपानमध्ये चालतो. भारत १९४९ च्या जिनिव्हा करारात आहे. सोबत मूळ परवाना आणि पासपोर्टही हवा. रस्त्याची बाजू आपलीच, डावी. पेट्रोल ताझावाकोलाच भरून घ्या, कारण ३४१ क्रमांकाच्या डोंगरी रस्त्यावर पुढे पंप सापडेलच असं नाही. आईवडील सोबत असताना गाडी सोयीची पडते, पण ती नसली तरी ही सहल अडत नाही.

आता क्रम. बहुतेक लोक पहिल्या दिवशी न्यूतोला जातात आणि जमलं तर शेवटी तामागावा. माझा सल्ला उलटा आहे: पहिली रात्र तामागावा, पुढच्या दोन न्यूतो. तामागावाचं पाणी कातडीला झोंबतं आणि न्यूतोची बरीचशी पाणी सौम्य आहेत. जहाल आम्लाच्या झऱ्यानंतर मऊ पाण्यात येऊन त्वचा शांत करायची पद्धत जपानी लोकांत जुनी आहे. कुसात्सुच्या आम्लधर्मी पाण्यातून लोक सावातारीसारख्या सौम्य झऱ्यावर जात, ते याचसाठी.

तामागावाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण इथे पाण्याशी बेफिकिरी चालत नाही. याकेयामा या ज्वालामुखीच्या उतारावर ‘ओबुकी’ नावाचं एक मुख आहे. त्या एकाच मुखातून मिनिटाला सुमारे ९,००० लिटर पाणी, ९८ अंश सेल्सिअस तापमानाचं, उसळून बाहेर पडतं आणि तीन मीटर रुंदीचा वाफाळता ओढा होऊन वाहतं. त्याचा सामू १.२ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ आपल्या जठररसाइतका. ज्वालामुखीतले वायू भूजलात मिसळतात आणि हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं, त्यामुळे हे पाणी असं आहे. आपल्याकडच्या वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या किंवा तुरळच्या कुंडांमागे ज्वालामुखी नाही. खोल भेगांत उतरून तापलेलं पाणी तिथे वर येतं. त्या कुंडांचा अनुभव इथे लावू नका. ओढ्यावर लाकडी पन्हळी मांडलेल्या दिसतील. त्यांत पाणी निववून तळाशी बसलेला पिवळट साका गोळा करतात आणि घरच्या आंघोळीत घालायला विकतात. याच ओढ्यात ‘होकुतोसेकी’ नावाचं किंचित किरणोत्सारी खनिज खडकांवर थरांनी वाढतं. ते तैवानमधल्या बेइतोऊ आणि इथे, एवढ्याच ठिकाणी मिळतं. १९५२ पासून त्याला विशेष नैसर्गिक स्मारकाचा दर्जा आहे. तिथला एक खडाही खिशात घालू नका.

स्नानगृहात मूळ पाण्याचं शंभर टक्के कुंड, निम्मं पातळ केलेलं कुंड आणि अगदी सौम्य कुंड असे प्रकार असतात. शिवाय मान बाहेर ठेवून बसायची वाफेची लाकडी पेटीही असते. सुरुवात सौम्य कुंडापासून करा, मग पन्नास टक्के, आणि शंभरमध्ये उतरायचंच असेल तर दुसऱ्या फेरीत, तीन ते पाच मिनिटं. आदल्या दिवसापासून दाढी, वॅक्सिंग काही नको. ब्लेडने झालेली अदृश्य खरवड त्या पाण्यात पेटून उठते. नखाजवळची साल, डासाचा खाजवलेला चावा, मूळव्याधीची जखम, सगळं झोंबतं. चेहऱ्यावर पाणी मारायचं नाही, ओल्या हाताने डोळे चोळायचे नाहीत. डोळ्यात गेलंच तर लगेच साध्या पाण्याने भरपूर धुवायचं. आणि इतर ओन्सेनांत ‘नंतर साध्या पाण्याने धुऊ नका’ असा सल्ला मिळतो, तो इथे लागू नाही. बाहेर येऊन शॉवरखाली अंग स्वच्छ धुवा आणि मॉइश्चरायझर लावा.

वर मोकळ्या उतारावर खडकच गरम असतात. त्यावर लोक चटई अंथरून, पूर्ण कपड्यांत, ब्लँकेट घेऊन पडून राहतात. चटई तिथल्या दुकानात मिळते. जाड सुती कपडे, पाण्याची बाटली, आणि एका वेळी तीस-चाळीस मिनिटं पुरेत. त्यापलीकडे उठताना चक्कर येते. एक गोष्ट मनावर घ्या: तिथे पडलेल्यांपैकी बरेच जण कर्करोगाचे रुग्ण असतात आणि आठवडेच्या आठवडे राहायला आलेले असतात. या खडकांनी कर्करोग बरा होतो असं सिद्ध झालेलं नाही, पण त्यांच्यासाठी ती जागा पर्यटनाची नाही. त्यांच्यावर कॅमेरा रोखू नका, मोठ्याने बोलू नका. वाटेवरून चालत ओबुकीपर्यंत जा, कठड्याच्या आत राहा आणि परत या. ओबुकीजवळ वाऱ्याची दिशा बदलली की वाफ अंगावर येते. चष्म्याची काच क्षणात पांढरी होते, तेव्हा थांबा आणि मगच पाऊल टाका.

आईवडिलांसाठी जुन्या तामागावापेक्षा जवळचं ‘शिन-तामागावा’ घ्या. पाणी तेच, पण खोल्या आणि जेवणाची सोय जास्त आरामाची. हिवाळ्यात तर शिन-तामागावाच चालू असतं. जुनं बंद होतं आणि ३४१ चा वरचा भाग खासगी गाड्यांना बंद असतो, आरक्षण करून बसनेच जावं लागतं. २०१२ च्या फेब्रुवारीत खडकांवरच्या तंबूंवर हिमस्खलन होऊन तिघांचा मृत्यू झाला होता, त्यामुळे बर्फाच्या दिवसांत खडकांच्या उताराबद्दलच्या सूचना काटेकोर पाळा.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने खाली ताझावा तळ्यावर या. वाटेत तामागावा धरणाचा होसेन्को हा जलाशय लागतो, त्याचा गडद निळा रंग खिडकीतूनही दिसतो. ताझावा तळं, म्हणजेच ताझावाको, ४२३ मीटर खोल आहे. पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून २४९ मीटरवर, म्हणजे तळ समुद्राच्याही खाली गेला. एवढ्या पाण्यात साठलेली उष्णता संपता संपत नाही, म्हणून भोवती माणूसभर बर्फ असतानाही हे तळं गोठत नाही. तळ्याचा घेर सुमारे २० किलोमीटर. शिराहामाच्या किनाऱ्यावर सायकली भाड्याने मिळतात, फोटो काढत दोन-अडीच तासांत फेरी होते. आईवडिलांना तळ्याला वळसा घालणारी बस बरी. काताजिरीला, म्हणजे सोनेरी तात्सुको पुतळ्यापाशी, आणि गोझानोइशी देवळाच्या लाल कमानीपाशी ती थोडी थांबते. तात्सुकोची कथा चिरतारुण्य मागून शेवटी ड्रॅगन झालेल्या मुलीची. पुतळा १९६८ चा.

या तळ्याची खरी गोष्ट मात्र तामागावाशी जोडलेली आहे, आणि ती कळल्याशिवाय तळं बघून जाऊ नये. तामागावाचं आम्ल नदीत उतरायचं आणि खालच्या भातशेतीची वाट लावायचं. १९४० मध्ये वीजनिर्मिती आणि सिंचनासाठी ते पाणी तळ्यात वळवलं. तळ्यात पातळ होऊन ते निरुपद्रवी होईल असा हिशेब होता. तळंच आम्लधर्मी झालं, मासे मेले, आणि फक्त इथेच राहणारा कुनिमासु हा मासा नामशेष झाला. पण १९३५ च्या सुमाराला त्याची अंडी यामानाशी प्रांतातल्या साइको तळ्यात सोडलेली होती. २०१० मध्ये त्या तळ्यात कुनिमासु जिवंत सापडला. दरम्यान १९९१ पासून तामागावाजवळ चुनखडीच्या खड्यांवरून पाणी सोडून आम्ल मारण्याचा प्रकल्प पूर्ण क्षमतेने चालू आहे. ताझावाकोचं पाणी अजून मूळ अवस्थेला आलेलं नाही, त्यामुळे कुनिमासुला परत आणता येत नाही. तळ्याकाठच्या कुनिमासु संग्रहालयात हा मासा टाकीत पोहताना दिसतो. काळपट, हातभरही नाही, दिसायला साधा. पण तासभर तिथे द्या.

दुपारी न्यूतोची बस. ताझावाको स्टेशनहून साधारण पाऊण तास लागतो. न्यूतो ही बीच वृक्षांच्या जंगलात विखुरलेली सात ओन्सेन आहेत: त्सुरुनोयु, ताएनोयु, कुरोयु, गानिबा, मागोरोकु, ओगामा आणि क्युकामुरा. फोटो सगळे त्सुरुनोयुचे असतात. गवताच्या छपराची लांबट इमारत, मध्ये दुधाळ पाण्याचं उघडं कुंड. अकिताचे सरदार साताके १६३८ मध्ये इथे स्नानाला आल्याची नोंद आहे. कुंडाच्या तळाला बारीक खडी आहे आणि पाणी त्या खडीतूनच वर येतं. बसल्या जागी पायाखालून मधूनच एक कढत बुडबुडा सरकतो, मग जरा बाजूला व्हायचं. पाणी दुधाळ का? जमिनीतून येताना त्यात हायड्रोजन सल्फाइड विरघळलेला असतो आणि पाणी पारदर्शक असतं. हवेतला ऑक्सिजन लागला की गंधकाचे अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि पाणी पांढरं होतं. म्हणून रंग रोज सारखा नसतो. फोटोतल्यापेक्षा फिका दिसला तर पाणी ताजं आहे असं समजा.

त्सुरुनोयुची खोली मिळणं अवघड आहे, कित्येक महिने आधी प्रयत्न करावा लागतो, आणि जुन्या भागातल्या खोल्यांना संडास सामाईक असतात. जमिनीवर गादी, मध्ये शेगडी, भिंती पातळ. वडिलांचे गुडघे दुखत असतील तर मुक्काम क्युकामुरात करा. तिथे पलंगाच्या खोल्या मिळतात, बस दारात येते आणि जेवण बुफे असतं, जे शाकाहारी माणसाला फार उपयोगी पडतं. त्सुरुनोयुला दिवसा जाऊन या. फक्त सोमवारी नको, उघडं कुंड सफाईसाठी बंद असतं. ते मुख्य रस्त्यापासून आत, वेगळ्या दरीत आहे. मुक्कामाचं आरक्षण असेल तर ‘आरुपा कोमाकुसा’ थांब्यावर उतरून आधी सांगून ठेवलेली त्यांची गाडी घ्यायची.

सातपैकी कुठेही मुक्काम केला की ‘युमेगुरी-चो’ हे पासबुक विकत घेता येतं. ते फक्त मुक्कामाच्या पाहुण्यांनाच मिळतं. सातही ठिकाणी एकेकदा प्रवेश, वर्षभर वैध, आणि ओन्सेनांमध्ये फिरणारी छोटी बसही त्यावर चालते. मोह होईल, पण एका दिवसात सात करू नका. गंधकाच्या पाण्यात सात वेळा शिरलात की अंगातला जोर जातो, डोकं दुखतं आणि कातडी कोरडी पडते. त्यासाठी जपानी भाषेत ‘यु-आतारी’ असा खास शब्दच आहे. दिवसाला तीन, फार तर चार.

निवड करायची तर क्युकामुराहून वीस-पंचवीस मिनिटं जंगलातून चालत कुरोयु गाठा. जुनी लाकडी खोपटी, मागे वाफाळता उघडा उतार, पाणी राखाडी-पांढरं. नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत ते बंद असतं. मग ताएनोयु: एका आवारात दोन झरे, एक लोहामुळे तांबूस, एक स्वच्छ, आणि समोर धबधबा. गानिबाचं उघडं कुंड मुख्य घरापासून थोडं चालून झाडीत आहे, पाणी पारदर्शक, तिथलं वातावरण मला सातांत सगळ्यात शांत वाटतं. ओगामाची इमारत म्हणजे आणून उभी केलेली जुनी लाकडी शाळा, वर्गांचं लांब व्हरांडं अजून तसंच. एखादं ओन्सेन दुरुस्तीसाठी बंद असू शकतं, सकाळी काउंटरवर विचारून निघा.

आता आंघोळ, कारण प्रश्नातली खरी धाकधूक तीच आहे. आपल्याकडे कुंडात कपड्यांसकट उतरतात, इथे एक धागाही चालत नाही, पोहण्याचे कपडेही नाहीत. पुरुष आणि बायकांची कुंडं वेगळी असतात, पडद्यावर 男 म्हणजे पुरुष आणि 女 म्हणजे स्त्री. ही दोन चिन्हं फोनमध्ये ठेवा. काही ओन्सेनांत वेळेनुसार पडदे बदलतात, म्हणून काल गेलो तेच दार आज आपलं असं समजू नका. न्यूतोत काही उघडी कुंडं मिश्र आहेत, पण बायकांसाठी वेगळं कुंडही असतं. मिश्र कुंडात टॉवेल गुंडाळून जाता येतं का, बायकांची राखीव वेळ आहे का, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं, तिथेच विचारायचं. आईला नको वाटत असेल तर आग्रह करू नका. बऱ्याच ओन्सेनांत कुटुंबासाठी तासाभराने भाड्याने मिळणारं खासगी कुंड असतं, आरक्षण करतानाच ‘काशिकिरी-बुरो’ आहे का विचारा.

कपडे टोपलीत ठेवायचे, हातात फक्त छोटा पंचा. आत कमी उंचीच्या स्टुलावर बसून साबणाने अंग स्वच्छ धुवायचं, बसूनच, म्हणजे शेजाऱ्यावर पाणी उडत नाही. फेस एकही ठिपका उरू द्यायचा नाही. डोंगरातल्या काही जुन्या कुंडांजवळ नळ किंवा साबण नसतो. तिथे लाकडी तसराळ्याने कुंडाचं पाणी आधी पायांवर, मग कमरेवर, मग खांद्यावर असं आठ-दहा वेळा घ्यायचं. याने अंग धुतलं जातं आणि रक्तदाब एकदम खालीवर होत नाही. आई-वडिलांच्या बाबतीत ही पायरी कधीही वगळू नका. केस वर बांधायचे. पंचा पाण्यात बुडवायचा नाही, घडी करून डोक्यावर किंवा काठावर. पाणी बहुधा ४१ ते ४३ अंश असतं. आधी पाच मिनिटं, बाहेर बसून गार व्हायचं, मग पुन्हा पाच-सात. कपाळावर घाम आला की बाहेर. उठताना काठ धरून, सावकाश. ‘अजून थोडं बसू’ म्हणून बसलेला माणूस उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडतो, आणि तिथे खाली दगड असतो. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील किंवा हृदयविकार असेल तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोला. भरल्या पोटी, दारू घेऊन किंवा एकट्याने रात्री उघड्या कुंडात जाऊ नये. प्रत्येक फेरीनंतर पेलाभर पाणी प्या.

दागिन्यांचं सांगायलाच हवं. गंधकाच्या पाण्यात चांदी काही मिनिटांत काळी पडते. जोडवी, पैंजण, चांदीची अंगठी खोलीतच काढून ठेवा. मंगळसूत्राचं सोनंही मिश्रधातूचं असतं, काळवंडतं, आणि तामागावाच्या आम्लात तर कुठलाच दागिना नेऊ नये. जोडवी चुकून राहिली आणि काळी पडली तर घाबरायचं कारण नाही. भांड्यात ॲल्युमिनिअमची फॉइल, त्यावर चांदी, चमचाभर खायचा सोडा आणि वरून कढत पाणी घाला, काळेपणा बराच निघतो. आईच्या कपाळावर किंवा हातावर गोंदण असेल तर आरक्षणाच्या वेळी सांगा. जपानमध्ये गोंदणावर काही ठिकाणी बंदी असते, पण आधी कल्पना दिली की बहुतेक वेळा वाट निघते, फार तर पट्टीने झाकायला सांगतात.

गंधकाच्या वासावरून एक इशारा. हा वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो. प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने खोलगट जागी साठतो. याच प्रांतात दक्षिणेला, युझावाजवळच्या दोरोयुमध्ये, २००५ च्या डिसेंबरअखेर बर्फात तयार झालेल्या खळग्यात साठलेल्या वायूने एका कुटुंबातल्या चौघांचा जीव गेला. स्नानगृहाची खिडकी थंडी वाजते म्हणून बंद करू नका, ती मुद्दाम उघडी ठेवलेली असते. दोऱ्या लावलेल्या जागेत आणि वाफेजवळच्या बर्फाच्या खड्ड्यात पाय टाकू नका.

खाण्याची अडचण खरी आहे, आणि ती आधी सोडवली नाही तर आईवडील भात-लोणच्यावर राहतील. मांस-मासळी वगळणं सोपं, पण जपानी स्वयंपाकाचा पाया ‘दाशी’ हा रस्सा आहे आणि तो बहुधा सुक्या माशाचा असतो. मिसो सूप, उकडलेली भाजी, नूडल्स, सगळ्यात तो जातो. अकिताचं प्रसिद्ध किरितांपो (काडीवर भाजलेल्या भाताच्या नळ्या) कोंबडीच्या रश्श्यात असतं. आरक्षण करतानाच लिहा आणि पोहोचण्याच्या आठवडाभर आधी पुन्हा आठवण करा: ‘निकु, साकाना, कात्सुओ-दाशी वा ताबेमासेन. कोंबु-दाशी वा दाइजोबु देस.’ म्हणजे मांस, मासे, माशाचा रस्सा खात नाही, समुद्री शेवाळाचा रस्सा चालतो. अंडी-दूध चालत असेल तर तेही स्पष्ट लिहा. डोंगरातली छोटी घरं ऐन वेळी काही बदलू शकत नाहीत, कारण सामान मोजून आणलेलं असतं. नकार आला तर ‘सुदोमारी’, म्हणजे जेवणाशिवाय मुक्काम, विचारा. आवर्जून खाण्यासारखं: डोंगरी रानभाज्या, अळंबी, धुरावर वाळवलेल्या मुळ्याचं ‘इबुरिगाक्को’ लोणचं, आणि इथला अकिता-कोमाची तांदूळ, जो नुसता मीठ लावून खावा इतका चांगला असतो. इनानिवाचे पातळ उदोन (गव्हाच्या नूडल्स) आवडतील, पण रस्सा बाजूला ठेवून सोया सॉससोबत घ्या. खोलीत गरम पाण्याची किटली असते, तेव्हा पाणी ओतून होणारे उपमा-पोह्याची पाकिटं, थेपले आणि लोणचं सोबत ठेवा. न्यूतोत दुकानं जवळजवळ नाहीत, ताझावाको स्टेशनजवळच खरेदी उरका.

तिसऱ्या दिवशी हवा स्वच्छ असेल तर सकाळी अकिता-कोमागाताके. १,६३७ मीटर, अकिता प्रांतातला सगळ्यात उंच डोंगर, पण बस आठव्या टप्प्यापर्यंत, सुमारे १,३०० मीटरवर नेऊन सोडते. तिथून अमिदा-इके या तळ्यापर्यंत तासाभराची सोपी चढण, तळ्याकाठी लाकडी फळ्यांची वाट. आईवडिलांनी तिथून परत फिरावं. तुम्हाला शिखरावर जायला आणखी वीस-पंचवीस मिनिटं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला काळ्या राखेच्या उतारावर गुलाबी कोमाकुसा फुलतात. ऑक्टोबरात फुलं नसतात, उतार तांबूस झालेले असतात. हा जिवंत ज्वालामुखी आहे, शेवटचा उद्रेक १९७०-७१ चा, त्यामुळे निघण्याआधी जपान हवामान संस्थेची इशारापातळी बघा. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात बससेवेचा हंगाम संपतो, तारीख तपासा. जून ते ऑक्टोबरच्या ठरावीक दिवसांत खासगी गाड्या वर सोडत नाहीत. माथ्यावर वाऱ्यात हात गारठतात, हातमोजे आणि वारा अडवणारं जाकीट हवंच.

अस्वलं या भागात खरोखर आहेत, आणि हिवाळ्याआधी खाण्याच्या शोधात ती जास्त फिरतात. शेजारच्या काझुनोमध्ये २०१६ च्या मे-जूनमध्ये बांबूचे कोंब गोळा करायला गेलेले चार जण अस्वलाच्या हल्ल्यांत मेले. पिशवीला घंटी बांधा, पहाटे आणि सांजेला जंगलवाटेवर जाऊ नका, खाण्याचे कागद बाहेर टाकू नका. ऑक्टोबरच्या मध्याला पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो, चारपर्यंत खोलीवर पोहोचायचं असं ठरवा.

पानांचे रंग वरून खाली उतरतात. हाचिमांताइ डोंगराच्या माथ्यावर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला, न्यूतोत ऑक्टोबरच्या मध्यापासून, चौथ्या दिवशी बघायच्या दाकिगाएरी दरीत ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला. तारखा हलवता येत असतील तर १८ ते २५ ऑक्टोबरच्या आसपास या. न्यूतो पूर्ण रंगलेलं असेल आणि दरी रंगायला लागलेली.

चौथ्या दिवशी ताझावाकोहून काकुनोदाते या गावी, शिंकान्सेनने पंधरा मिनिटं. सामान स्टेशनच्या लॉकरमध्ये टाका आणि टॅक्सीने दाकिगाएरीला जा, साधारण पंधरा मिनिटं. १९२६ चा लाल झुलता पूल ओलांडून दीड किलोमीटर सपाट वाटेने मिकाएरी धबधब्यापर्यंत अर्ध्या तासात पोहोचता येतं. खालची नदी तीच, तामागावा, आणि तिचा निळा रंग वरच्या खनिजांच्या पाण्याचाच. वाटेतले बोगदे अंधारे आणि ओले आहेत, फोनचा टॉर्च चालू ठेवा. दरडीमुळे वाट मधूनच बंद होते, टॅक्सीवाल्याला आधीच विचारा. परतीची टॅक्सी उतरतानाच ठरवून घ्या, तिथे रिकामी गाडी मिळत नाही.

उरलेल्या दोन तासांत काकुनोदातेची सामुराई गल्ली होते. इशिगुरो आणि आओयागी यांपैकी एकच घर बघा. वेळ कमी असेल तर इशिगुरो, कारण ते लहान आहे आणि आत राहती वास्तू कळते. चेरीच्या सालीपासून केलेला चहाचा डबा घ्यायचा तर इथेच घ्या, झाकण आपल्या वजनाने हळूहळू खाली बसतं का ते बघून. परतीची कोमाची काकुनोदातेहूनच सुटणारी राखून ठेवा, ताझावाकोहून नको. शनिवार-रविवारच्या दुपारच्या गाड्या रंगांच्या हंगामात आधी भरतात, म्हणून परतीची सगळी तिकिटं जातानाच्या तिकिटांसोबतच काढून टाका.